म्हाळसाक्काचं ‘बरं हाय’

…तर नवरदेव पाया पडायला वाकला आणि म्हाळसाक्कानं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले. काल इथंवरच आलो होतो ना आपण? तेवढ्यात पाहुणे आले, चहा झाला, आणि तो बिचारा नवरदेव तसाच वाकलेला राहिला. आज आधी त्याला सरळ करतो, मग पुढचं.

भरल्या मांडवातली गोष्ट. वरवंडच्या बाहेर कालव्याच्या कडेला धनगरांची वस्ती आहे, तिथलं लग्न. नवरी रंगुबाईची लेक. रंगुबाई म्हणजे आक्काची धाकटी जाऊ. थोरल्या चुलतीनं जावयाला पायाला हात लावू दिला नाही म्हटल्यावर वाजंत्री थांबली. नवरदेवाचा मामा उसळला, “का वो बाई? आमच्या पोराच्या हाताला काय काटं हायत का?”

आक्का शांतपणे म्हणाली, “काटं न्हाईत. पर त्यानं पायाला हात लावला की माझ्या तोंडातनं चांगलंच निघाया पायजे. आन् ह्याच्या तोंडाला सकाळधरनं वास मारतोय, मला चांगलं काय सुचंनाच झालंय. उगं खोटा आशीर्वाद घेऊन काय करशील बाबा? उतरल्यावर ये.”

मांडव असा हसला की अक्षता संपल्या तरी हसू संपेना. दुसऱ्या दिवशी जावई अंघोळ करून, दात घासून आला. तेव्हा आक्कानं आपणहून पाय पुढं केले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून असा भरभरून आशीर्वाद दिला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची दारू सुटली असं मी म्हणणार नाही. पण सासुरवाडीला येताना आजही तो आधी कालव्यावर चूळ भरतो.

हे मी का सांगतोय? कारण हे पायाचं नीट ध्यानात ठेवलं नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही. आक्काला तिच्या आईनं लहानपणीच सांगितलं होतं, जो आपल्या पायाशी वाकला त्याला वाईट शब्द देऊन उठवायचा नाही. आणि आक्काची जीभ अशी, की सरपंचालासुद्धा तोंडावर सांगणार, “तुमची टाकी गळती आन् तुमी बी.” आता ह्या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? तिनं सोपी युक्ती काढली होती. कुणाला पाया पडूच द्यायचं नाही. कुणी वाकायला लागलं की आक्काचे पाय गोगलगायीसारखे आत.

पाय तिचे होते मात्र बघण्यासारखे. जन्म झाला तो राहू गावच्या शिवारात, मेंढरांचा तळ पडला होता तेव्हा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, कोकणात जायचं, पावसाच्या आत परत. कधी भीमा ओलांडून शिरूरच्या माळांवर चारायला. पन्नाशीपर्यंत तेच. मग कालव्याचं पाणी शेताला आलं, ज्योतिबामामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मेंढरं विकली आणि ऊस लावला. चालणं थांबलं आणि आक्काचं पोट बिघडलं. काही खाल्लं की तट्ट फुगायचं, करपट ढेकरा यायच्या, सकाळी लोटा घेऊन गेलं तर तासभर नुसतं बसून परत. ओवा झाला, हिंग झालं, एरंडेल झालं, वरवंडच्या दोन आणि दौंडच्या तीन डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. आक्का म्हणायची, “मेंढरामागं हुते तवा दगूड पचायचा. आता दूध बी पचंना.”

आणि रंगुबाईचं तर त्याहून वाईट. तिला भाकरीचा वास आला तरी मळमळायचं. कितीतरी वर्षं ती पातळ भातावर होती. अंगावर नुसती कातडी राहिली होती.

दोन हजार दोन-तीनचं साल असेल. दौंडातल्या एका धर्मादाय दवाखान्यात हर्षदा मॅडम म्हणून पुण्याच्या डॉक्टरीणबाई यायला लागल्या. तिशीच्या, बारीक चणीच्या, मोठा चष्मा. पोटाच्या जुनाट दुखण्यांवर सुया टोचायच्या आणि सुयांतून बारीक करंट सोडायचा, असा उपाय होता. त्याचा गुण येतो की नाही हे त्यांना तपासून बघायचं होतं. त्या वस्तीवर आल्या, त्यांना माणसं हवी होती. माझी ट्रॅक्स जीप तेव्हा वरवंड-दौंड वडाप करायची, म्हणजे शिटा भरून फेऱ्या मारायची. दर मंगळवारी बायांना न्यायचं-आणायचं म्हणून दवाखान्यानं तीच ठरवली. म्हणून मला हे सगळं माहीत. ऐकीव काही नाही ह्यात.

करंट म्हटल्यावर वस्ती आधी बिथरली. एक जण म्हणाली, “परवाच मोटारीला चिकटून बैल मेला, आन् ही बाई घरी येऊन करंट देती व्हय?”

मॅडम हसल्या. म्हणाल्या, “तो करंट वेगळा, मावशी. हा टॉर्चच्या सेलवर चालतो.” मग त्यांनी ओट्यावर बसून समजावून सांगितलं. काही जणींच्या सुयांतून करंट जाईल, काहींच्या नुसत्याच सुया. चिठ्ठ्या टाकून ठरवणार. दिवा सगळ्यांचा लागेल, टिकटिक सगळ्यांची होईल. कुणाच्या तारेत करंट आहे ते खुद्द मॅडमनाही कळणार नाही, तारा जोडणाऱ्या सत्यजीतला तेवढं माहीत. “दोन्हींत फरक पडला, करंटवाल्यांना जास्त गुण आला, तर मशीन कायमचं दौंडला ठेवायचं. मग सगळ्यांनाच करंट. फरक नाही पडला तर मशीन परत. म्हणून मी विचारीन तेव्हा खरं सांगायचं. बरं नसेल तर बरं नाही म्हणा. मला राग येणार नाही.”

बायांनी माना डोलावल्या. आता ‘मला राग येणार नाही’ असं जो म्हणतो त्याला राग येतोच, हे कुणाला माहीत नाही?

पहिल्या मंगळवारचा तमाशा ऐका. दवाखान्यातली एकच लांबट खोली, खाटा मांडलेल्या, आणि दार उघडं. मी दारात उभा. मॅडम बुटक्या स्टुलावर बसल्या, आक्काला खाटेवर बसवलं आणि म्हणाल्या, “आक्का, पाय द्या.”

पाय कशाला? पोट दुखतंय पोट. मॅडम म्हणाल्या, पोटाच्या जागा पायावर असतात, गुडघ्याखाली आणि अंगठ्याजवळ. आक्काला ते पटलं नाही, पण पायात सुई घालतात म्हणजे काय, हे तिला जन्मापासून माहीत होतं. पायात सुई घालतात ती काटा काढायला. तिनं झटकन डावा पाय उचलून पुढं केला. म्हणाली, “हा मग. ह्या टाचंत हाय. बाभळीचा. कोकणच्या वाटंवर मोडल्याला.”

सत्यजीत फिसकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ती टाच तळहातावर घेतली, भेगांवरून बोट फिरवलं, चष्मा वर केला, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि खरंच बसल्या की काटा काढायला! बराच वेळ कोरत होत्या. शेवटी काळा, कुजका, भाताच्या दाण्याएवढा तुकडा निघाला. किती वर्षांचा कोण जाणे. आक्कानं पाय जमिनीवर टेकवून बघितला, परत टेकवून बघितला. मग मॅडमनी खऱ्या सुया लावल्या, सत्यजीतनं चिमटे जोडले. मी जीपच्या बॅटरीला लावतो तसलेच, पण मुंगळ्याएवढे. दिवा लागला, टिकटिक झाली. सगळं आटोपल्यावर मॅडमनी टाच हातात धरूनच विचारलं, “आक्का, कसं वाटतंय?”

आक्का म्हणाली, “बरं हाय!”

आणि ते अगदी खरं होतं. टाचेचं.

सत्यजीतनं तिकडं लिहून घेतलं, पोट बरं. अजूनही वस्तीवर कुणी ‘बरं हाय’ म्हणालं की समोरची विचारते, “टाचंचं का पोटाचं?” नव्या सुनांना कळत नाही की सगळ्या का हसतात.

पुढच्या मंगळवारी पोट होतं तसंच. पण मॅडम परत स्टुलावर बसल्या, परत पाय मांडीवर. म्हणाल्या, “बघू, काट्याची जागा भरली का?” येताना त्यांनी पिशवीतून आमसुलाचं तेल आणलं होतं, भेगांना लावायला. स्वतः लावलं. आक्का माझ्याकडं बघत होती. अशी गडबडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. नवरदेवाला मांडवात पाय न देणारी बाई, आणि इथं ही शिकलेली पोरगी न विचारता टाच धरून बसलेली. पाय ओढायचा तर सुया होत्या. आणि त्यात मॅडमनी मान वर करून विचारलं, “कसं वाटतंय?”

“बरं हाय,” आक्का म्हणाली. त्यात उत्तर नव्हतंच हो. तो आशीर्वाद होता. ‘औक्षवंत हो’ म्हणतात ना, तसं.

इथवर एकटीचं होतं तर ठीक. पण परत येताना जीपमध्ये मागून एक जण म्हणाली, “मला तर काय फरक न्हाई गं. सांगू का फुडच्या टायमाला?”

आक्का वळून कडाडली, “सांगशील तर बघ. सारवल्याले, शेणाचे पाय ती मांडीवर घेती. सख्खी सून घेईल का गं तुझी? आन् तिला न्हाई म्हणून उठवतीस? मुकाट बरं हाय म्हणायचं.”

आक्का म्हणते म्हटल्यावर झालं. जी बाई सरपंचाला गळका म्हणते तीच ‘बरं हाय’ म्हणा म्हणतीये, म्हणजे म्हणायलाच हवं. पुढच्या मंगळवारपासून खोलीतून एका पाठोपाठ एक आवाज यायला लागला. “बरं हाय.” “बरं हाय.” “लई बरं हाय.” मॅडमचा चेहरा पहिले काही दिवस खुलला आणि नंतर नंतर कोड्यात पडल्यासारखा दिसायला लागला. मला वाटलं, दगदगीनं असेल.

एक रंगुबाई मात्र खरंच सुधारत होती. तिनं पहिल्याच दिवशी जीपमध्ये सांगितलं होतं, “अगं बया, पाय कसा थरथरतो! माशी बसल्यावर बैलाची कातडी हालती का, तसं.” आणि आक्काला विचारलं, “तुमास्नी बी व्हतंय न्हवं?” आक्का म्हणाली, “व्हतंय की.” खरं तर तिला काही होत नव्हतं. तिला वाटलं, उभा जन्म दगडगोट्यांवर गेलेली आपली नडगी, तिला काय कळणार करंट.

रंगुबाईनं आधी अर्धी चतकोर खाल्ली. मग चतकोर. एक दिवस जीपमध्ये बसताना सगळ्यांना थांबवून तिनं जाहीर केलं, “काल सबंध भाकर खाल्ली! शेंगदाण्याच्या चटणीसंगं!” बायांनी तिला अशी शाबासकी दिली की जणू लेकाचा मॅट्रिकचा निकाल लागला. आक्कानं तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तेव्हा आक्काच्या कनवटीला ओव्याची पुडी होती. ती गपचूप चावत होती.

आता सत्यजीत. हा शिरूरचा. आधी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत टेस्टिंगला होता. लग्न झालेला, मिशीवाला, बोलायला मोकळा माणूस. चहाच्या टपरीवर तो एकदा कपाळाला हात लावून बसला होता. मी म्हटलं, काय झालं?

“मामा, कुणाला सांगायचं नाही.”

“माझं नाव पोपट आहे,” मी म्हटलं, “पण तुझी शप्पथ.”

“टेस्टिंग म्हणजे काय असतं? चांगला पीस आणि फेल पीस वेगळा पडला पाहिजे. इथं सगळेच पीस पास! ज्यांच्या तारेत करंट नाही त्या बायापण पास. एक पण फेल नाही. मग करंटचा उपयोग काय राहिला? मॅडम सरळ माणूस आहे. त्या लिहिणार, करंटनं काही होत नाही. मशीन पुण्याला परत.”

“झालंच म्हण की मग.”

“झालं नाही अजून. शेवटच्या मंगळवारी बाया जे सांगतील ते पक्कं धरायचं असं पहिल्यापासून ठरलंय. पण आता काय वेगळं सांगणार आहेत?”

माझ्या पोटात काही राहत नाही. हे माझं जुनं दुखणं आणि त्याला सुयाही नाहीत. परतीच्या वाटेवर पाटस यायच्या आत मी जीपमध्ये सगळं सांगून टाकलं. बाया खो खो हसल्या. “म्हंजी बिनकरंटाच्या बी बऱ्या झाल्या? मग ती टिकटिक कशाला?” एक म्हणाली, “आपल्या वस्तीच्या अंगातच करंट हाय!”

हसली नाही ती रंगुबाई. तिनं विचारलं, “म्हंजी पोपटभावजी, मशीन जाणार?”

“जाणार.”

“मग माझं वो?”

मी आरशात बघितलं. आक्का खिडकीच्या गजाला धरून बसली होती. ती हळूच म्हणाली, “रंगे, करंट असला की पाय थरथरतोच का गं? सगळ्यांचा?”

“थरथरतोच की. तुमचा न्हाई का थरथरत? तुमीच तर म्हणाला.”

“व्हय व्हय,” आक्का म्हणाली. वस्तीवर उतरताना पाय असा जपून टेकवला की जणू तो काटा परत आत गेलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कालव्यावर गाडी धूत होतो. आक्का आली, दगडावर बसली. माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, म्हणजे मी नीट ऐकावं.

“पोपट, माझा पाय एकदा बी थरथरला न्हाई.”

मी म्हटलं, “म्हणजे तुमच्या तारेत…”

“व्हय. आन् पोट हाय तसंच हाय. पयल्यापासनं.”

“मग आक्का, बरं हाय का म्हणालात?”

“पयल्यांदा खरंच बरं हुतं. काटा निघाला हुता.”

“आणि नंतर?”

“नंतर तिनं पाय धरला हुता.”

तिनं हातातलं फडकं पाण्यात बुडवलं. मग म्हणाली, “तिचं भलं व्हावं म्हणून म्हणले रं. म्हणलं, पोर एवढी खाली बसती, तिला मोकळ्या हातानं कसं उठवावं. आन् तिच्याच कामात माती घातली. नुसती माझी न्हाई, साऱ्या वस्तीची. म्या दरडावलं बायास्नी. आन् रंगी… काल सांजच्याला माझ्यापुढं ताट घेऊन बसली. म्हणती, बघा आक्का, भाकर उतरती. तुमी का जेवत न्हाई, तुमास्नी बी बरं हाय न्हवं? काय सांगू तिला? तुझ्या तोंडातला घास तुझ्या जावंनं काढला, असं सांगू?”

“तुम्ही मुद्दाम केलं का? तुमच्या मनात…”

“मनात काय बी असूंदे. घास तर गेला न्हवं.”

मी म्हटलं, मी सांगतो मॅडमना, त्यात काय. तिनं ओलं फडकं माझ्या अंगावर फेकलं. “तू? माझ्या तोंडानं घातल्यालं तुझ्या तोंडानं निघतंय व्हय? मंगळवारी म्याच सांगते.”

मंगळवारी सगळ्या वाटेनं आक्का पुटपुटत होती. पोराला दुकानात पाठवल्यावर ते जसं ‘चहापत्ती, साखर, काडेपेटी’ घोकत जातं, तसं. “फरक न्हाई. पोटाला फरक न्हाई. फरक न्हाई.” दौंडला रेल्वेच्या मोरीखाली गाड्या अडकल्या होत्या, तिथंही तेच. खोलीत गेली तीसुद्धा ओठ हलवतच.

मॅडमना त्या दिवशी सर्दी झाली होती, नाक लाल. तरी बसल्या स्टुलावर. टाच हातात घेतली आणि एकदम खूश झाल्या. “आक्का! भेगा भरल्या की हो! तेल लावताय तर रोज. माझी आई कधी ऐकत नाही बघा माझं.” आणि वर बघून, “बोला, कसं वाटतंय?”

आक्कानं तोंड उघडलं. मी दारात कान देऊन.

“बरं हाय,” आक्का म्हणाली.

बाहेर आली आणि तिनं स्वतःच्या तोंडावर फाडकन मारून घेतली. बाकीच्या बायांना वाटलं, डास बसला. “जळ्ळं हे तोंड,” ती मला म्हणाली, “आयुष्यभर नको तिथं खरं बोललं. आन् आता पायजे तवा…” मी टपरीवरून सोडा आणून दिला. तिनं तो रंगुबाईला दिला. तो तिनं घटाघट प्यायला आणि मोठी ढेकर देऊन लाजली. आक्कानं मान फिरवली.

त्यानंतरचा आठवडा आक्का कुणाच्या दारात गेली नाही. ज्योतिबामामा मला म्हणाले, “पोपट, काय झालंय रं हिला? म्या सैपाक करताना कांदा जाळला तरी बोलंना झालीया.” पोट तिचं पार बंद पडलं होतं. पण तिचा त्रास पोटाचा नव्हता.

शेवटच्या मंगळवारी मी गाडी सुरू केली तेव्हा आक्का पुढं, माझ्या शेजारी बसली होती. वरवंडचा फाटा मागं गेल्यावर ती म्हणाली, “गाडी बाजूला घे.” घेतली. ती मागं वळली.

“बायांनो, माझं चुकलंय. मला करंट नव्हता, मला काय बी गुण आला न्हाई, आन् म्या खोटं बोलले. तुमालाबी बोलाया लावलं. आज जिला जे हाय ते तिनं सांगायचं. बरं हाय तर बरं, न्हाई तर न्हाई.”

रंगुबाई आक्काकडं टक लावून बघत होती. तिला आत्ता सगळं उलगडलं होतं. ती रागावेल, रडेल, असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, “आन् मला म्हणाला तुमी, थरथरतंय.”

“म्हणले,” आक्का म्हणाली. “तुला बी म्हणले.”

मग मागची एक, तीच जिला आक्कानं पहिल्यांदा दरडावलं होतं, ती म्हणाली, “आमी सांगू वो. पर आदी तुमी सांगा. तुमी न्हाई म्हणला तर आमी न्हाई म्हणू. तुमी परत पाघळला तर आमीच काय वाईट व्हायचं?” आणि वर म्हणाली, “भरल्या मांडवात जावयाला पाय दिला न्हाई आन् डाक्टरणीला बरा दिला!”

कुणीतरी हसलं. आक्का नाही हसली. “चल,” मला म्हणाली.

दवाखान्यात मशीनचा खोका आधीच कोपऱ्यात काढून ठेवला होता, चुरगाळलेले कागद भरून. सत्यजीत तारा गुंडाळायच्या तयारीत. मॅडम नेहमीसारख्याच हसल्या, पण ते हसू वरवरचं होतं. बाया भिंतीकडेनं ओळीनं बसल्या. शेजारच्या खाटेवर रंगुबाई, मान खाली. मी दारात.

पहिला नंबर आक्काचा. ती खाटेवर बसली आणि तिनं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले. अगदी मांडवात घेतले होते तसे. मॅडमना वाटलं, थट्टा करतीये. त्यांनी लुगड्याखाली हात घालून डावी टाच अलगद बाहेर काढली आणि मांडीवर घेतली. सुया लागल्या, दिवा लागला, टिकटिक झाली. आक्काची नडगी दगडासारखी निश्चल. सुया निघाल्या. आणि मॅडम टाच काही सोडेनात. त्या जागेवरून, काट्याच्या जागेवरून, अंगठा फिरवत होत्या.

“आक्का, आज शेवटचं विचारते,” त्या म्हणाल्या. “पोटाला कसं वाटतंय?”

सत्यजीतनं पेन टेकवलं. भिंतीकडच्या सगळ्या बाया आक्काच्या तोंडाकडं बघत होत्या. रंगुबाईनं मान वर केली. आक्काचे ओठ जुळले. ‘ब’ला जुळतात तसे जुळले, मी स्वतः पाहिलं. मग तिनं ते ओठ आत दाबून घेतले. वाकली. मॅडमचं मनगट आपल्या हातात धरलं आणि म्हणाली,

“आदी माझा पाय सोड, पोरी. मग खरं सांगते.”